मांसमाश्यांचे कुळ आणि त्यातील वैविध्य
द्विपंखी कीटकांमधील सार्कोफॅजिडी या कुळात, म्हणजेच मांसमाश्यांमध्ये, सुमारे ३,००० जाती मोजल्या जातात. करड्या छातीवरील तीन काळे उभे पट्टे आणि उदरावरील चौकटीदार नक्षी ही त्यांपैकी अनेकींची खूण असली, तरी तेवढ्यावरून जात ठरवता येत नाही. त्यासाठी नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. मादी सहसा अंडी न घालता पोटातच उबलेल्या अळ्या थेट अन्नावर सोडते, त्यामुळे मृतदेहावर या अळ्यांना अंडी उबण्याची वाट पाहावी लागत नाही.

कुळाचे नाव मात्र काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण त्याच्या तीन उपकुळांपैकी मिल्टोग्रॅमिनी या उपकुळातील बहुतेक माश्या एकाकी गांधीलमाश्यांच्या व मधमाश्यांच्या बिळांत अळ्या सोडतात आणि त्या अळ्या यजमानाच्या पिलांसाठी साठवलेले अन्न फस्त करतात. अशा आयत्या अन्नावर जगण्याला चौर्य-परजीवित्व म्हणतात. पॅरामॅक्रोनिकिनी या लहान उपकुळातील वोल्फार्टिया मॅग्निफिका जिवंत मेंढ्यांच्या जखमांत अळ्या सोडते आणि पशुपालकांना हैराण करते. सर्वांत मोठ्या सार्कोफॅजिनी उपकुळात कुजके मांस खाणाऱ्या जातींबरोबरच नाकतोड्यांच्या शरीरात वाढणाऱ्या ब्लेसोक्सिफा माश्याही येतात, तर उत्तर अमेरिकेतील फ्लेचेरिमिया फ्लेचेरी हिची अळी कीटकभक्षी घटपर्णीच्या पाण्यात तरंगत बुडालेले कीटक खाते आणि त्याच घटात आलेल्या दुसऱ्या अळीशी झुंजते.