गाळावर वसलेलं पाखरांचं गाव

मुलांनो, धरणात गाळ साचला की मोठी माणसं काळजीत पडतात. ते बरोबरच आहे. गाळाने जागा अडवली की पाणी कमी मावतं. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात याच गाळावर हजारो पाखरांचा संसार उभा आहे. ते ठिकाण म्हणजे निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. चला, आज तिथे एक पायी फेरी मारू या.

इथे कादवा नदी गोदावरीला मिळते. शेतीला पाणी मिळावं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बंधारा बांधला गेला. भिंतीपाशी नद्यांचा वेग मंदावला आणि वाहत आलेली माती तळाशी बसू लागली. पाणी उथळ झालं, ऊन तळापर्यंत पोहोचलं, पाणवनस्पती फोफावल्या. मग किडे, गोगलगायी, मासे वाढले आणि पाठोपाठ पाखरं आली! १९८६ मध्ये हे अभयारण्य झालं.

थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी चापडगावाच्या बाजूने निघायचं आणि पाण्याच्या कडेने हळूहळू चालायचं. पाय बघा, चोची बघा! अगदी काठावर टिटवी आणि शेपूट हलवणारा धोबी. थोड्या पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. त्याच्या पुढे चमचा हा पक्षी आपली चपटी चोच डावीउजवीकडे फिरवतोय. पाण्यावर थापट्या बदक तरंगतंय. त्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी, पाणी गाळून अन्न टिपणारी. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी दिसला का? तो वारकरी! खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारतो. एकाच पंगतीला सगळे, पण प्रत्येकाचं पान वेगळं. म्हणून भांडण कमी.

मनोऱ्यावरून दुर्बिणीने सगळा पसारा पाहिलात की परतीची वाट बदला. पाण्याकडे पाठ करून शेताच्या बांधाने, गवताळ माळाने या. माळ रिकामा वाटतो ना? तसं नाही हं! चंडोल आणि माळटिटवी आपली घरटी जमिनीवरच करतात. अंडी मातीच्या रंगाची, चटकन दिसतच नाहीत. म्हणून पायवाट सोडायची नाही.

आणखी एक गोष्ट. इथली कितीतरी बदकं हिमालयापलीकडून येतात. परतीच्या लांबच्या प्रवासासाठी त्यांना इथे खाऊन अंगात चरबी साठवावी लागते. आपण गंमत म्हणून टाळी वाजवली किंवा खडा मारला, तर सगळा थवा उडतो आणि साठवलेली शक्ती फुकट खर्च होते. आपली एका क्षणाची गंमत त्यांना फार महाग पडते. पालकांनो, कर्णे आणि मोठ्या आवाजातली गाणी गावाबाहेरच थांबवा.

१९७१ मध्ये २ फेब्रुवारीला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा जपण्याचा करार झाला. त्या करारातल्या यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव आपल्या नांदूर मध्यमेश्वरचं! जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झालं. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिनही असतो. यंदा त्या सुमाराला शाळेची सहल इथे न्या. सोबत वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि मळकट रंगाचे कपडे असू द्या. आणि हो, गावाजवळच्या तळ्यात कचरा टाकताना कुणी दिसलं, तर त्याला सांगा, ‘काका, इथे कुणीतरी राहतं!’