मेद ऊती

मेद ऊती ही प्राण्यांच्या शरीरातील संयोजी ऊतींपैकी एक ऊती होय. ऊर्जेचा साठा करणे हे तिचे प्रमुख कार्य आहे. त्याखेरीज शरीराची उष्णता राखणे, नाजूक इंद्रियांना आधार देणे आणि संप्रेरके स्रवणे ही कामेही ती करते. बोलीभाषेत तिला चरबी म्हणतात. ही ऊती म्हणजे केवळ साठवणीचे कोठार होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागल्यानंतर तो मागे पडला आणि मेद ऊतीची गणना अंतःस्रावी इंद्रियांतही होऊ लागली.

नाव

‘मेद’ हा शब्द संस्कृत ‘मेदस्’ या शब्दापासून आला असून ‘चरबी’ हा शब्द फार्सीतून मराठीत आला आहे. आयुर्वेदातील सप्तधातूंमध्ये रस, रक्त व मांस यांच्यानंतर मेदाचा क्रम चौथा आहे. चरकसंहितेत अतिस्थूलता व अतिकृशता या दोन्ही अवस्था निंद्य मानल्या आहेत. आयुर्वेदातील मेदधातू आणि आधुनिक शरीरशास्त्रातील मेद ऊती या संकल्पना मात्र तंतोतंत एक नव्हेत. मराठीत ‘चरबी चढणे’ हा वाक्प्रचार माज येणे या अर्थी वापरतात.

रचना

मेद ऊतीचा मुख्य घटक मेदपेशी हा आहे. पांढऱ्या मेदपेशीत स्निग्ध पदार्थाचा एकच मोठा थेंब असतो. तो पेशीची बहुतेक जागा व्यापतो, त्यामुळे पेशीद्रव्य व केंद्रक कडेला ढकलले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी खडा बसवलेल्या अंगठीसारखी दिसते. काचपट्टी तयार करताना वापरल्या जाणाऱ्या रसायनांत स्निग्ध पदार्थ विरघळून जातो. म्हणून नेहमीच्या काचपट्टीवर या पेशी रिकाम्या व ऊती जाळीसारखी भासते.

पेशीचा व्यास सामान्यतः ५० ते १०० मायक्रोमीटर असतो, परंतु साठा वाढला की पेशी याहूनही फुगते. पेशींच्या समूहांभोवती तंतुमय पडदे असतात. त्यांतून रक्तकेशिका व मज्जातंतू जातात. अपक्व मेदपेशी आणि महाभक्षी पेशीही या ऊतीत आढळतात.

मेदपेशींची संख्या मुख्यतः बालपणी व किशोरवयात ठरते. प्रौढपणी दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात व तितक्याच नव्या तयार होतात, असे २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. वजन घटते तेव्हा मुख्यतः पेशींचा आकार कमी होतो, त्यांची संख्या फारशी घटत नाही.

प्रकार

पांढरा मेद : प्रौढ माणसातील बहुतेक मेद या प्रकारचा असतो. ऊर्जेचा साठा हे त्याचे काम होय.

तपकिरी मेद : याच्या पेशींत स्निग्ध पदार्थाचे अनेक लहान थेंब आणि भरपूर तंतुकणिका असतात. तंतुकणिकांतील लोहयुक्त प्रथिने आणि रक्तवाहिन्यांची दाटी यांमुळे त्याला तपकिरी रंग येतो. या पेशींतील एक विशिष्ट प्रथिन ऊर्जेचे रूपांतर थेट उष्णतेत करते. प्रौढ माणसातही कार्यक्षम तपकिरी मेद असतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

फिकट तपकिरी मेद : पांढऱ्या मेदात विखुरलेल्या काही पेशी थंडीच्या संपर्काने तपकिरी मेदपेशींप्रमाणे उष्णता निर्माण करू लागतात. त्यांचा हा वेगळा प्रकार मानला जातो.

स्थाने

मेदाचा मोठा भाग त्वचेखाली असतो. पोटाच्या पोकळीत वपाजालात, आतड्यांच्या आवरणात व वृक्कांभोवती तो असतो. नेत्रगोलांच्या मागे आणि तळपायात तो गादीसारखा आधार देतो. पीत अस्थिमज्जेतही मेदपेशी विपुल असतात.

साठा व विनियोग

जेवणानंतर रक्तातील इन्सुलिन वाढते. त्याच्या प्रभावाने रक्तातील मेदाम्ले मेदपेशींत शिरतात व ट्रायग्लिसराइडच्या रूपाने साठतात. उपवासात किंवा श्रमाच्या वेळी इन्सुलिन कमी होते, ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि विकरांच्या साहाय्याने ट्रायग्लिसराइडचे विघटन होते. सुटी झालेली मेदाम्ले स्नायू इंधन म्हणून वापरतात, तर ग्लिसरॉलपासून यकृत ग्लुकोज तयार करते.

एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर पिष्टमय पदार्थांपासून सुमारे ४. यकृतातील ग्लायकोजेनचा साठा एका दिवसाच्या निराहारात बहुतांशी संपतो. याउलट १० किलो मेदात सुमारे ९०,००० किलोकॅलरी ऊर्जा असते. रोजचा खर्च २,००० किलोकॅलरी धरल्यास ती हिशेबाने ४५ दिवस पुरेल. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यास मात्र मेदाचा साठा फारसा वापरला जात नाही, कारण साबुदाणा हा जवळजवळ पूर्णपणे पिष्टमय पदार्थ आहे.

संप्रेरके

लेप्टिन हे मेदपेशींत तयार होणारे संप्रेरक शरीरातील साठ्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचवते. साठा फार घटला तर लेप्टिन कमी होते, भूक वाढते आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबू शकते. ॲडिपोनेक्टिन हे दुसरे संप्रेरक इन्सुलिनच्या कार्यास साहाय्य करते. लठ्ठपणात त्याचे प्रमाण घटते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेनचा बराच भाग मेद ऊतीत तयार होतो.

नवजात बालके

नवजात बालकाला थंडीने कुडकुडून उष्णता निर्माण करणे फारसे साधत नाही. मान, खांद्यांच्या फऱ्यांमधील भाग व वृक्क यांच्या आसपास असलेला तपकिरी मेद त्याला उष्णता पुरवतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकात दोन्ही प्रकारचे मेद कमी असल्यामुळे त्याचे अंग लवकर गार पडते व त्यातून जिवास धोका संभवतो. म्हणून अशा बालकास कोरडे करून गुंडाळणे आणि आईच्या उघड्या छातीशी धरणे आवश्यक असते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना घरोघरी नवजात बालसेवेचे प्रशिक्षण दिले. त्यात बालकाला उबदार ठेवण्याचाही समावेश होता. या उपक्रमाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

भारतीयांमधील मेद

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. वजनातील हा फरक मुख्यतः स्नायू व पोटातील इंद्रिये यांत होता, मेद त्या मानाने टिकून होता. दिसण्यात कृश परंतु मेदाचे प्रमाण अधिक, अशा या शरीररचनेला ‘कृश-स्थूल’ म्हणता येईल.

डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते.

त्वचेखालील साठवणक्षमता अपुरी पडली की मेद पोटाच्या पोकळीत, यकृतात व स्नायूंत साठू लागतो. तेथे तो इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतो व मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची सीमा २५ ऐवजी २३, तर लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ सुचवली. कंबरेच्या घेराची मर्यादा त्यांनी पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंमी ठरवली. केवळ वजनकाट्यावरून मेदाचा अंदाज येत नाही, त्यामुळे सडपातळ व्यक्तीनेही कंबर मोजणे उपयुक्त ठरते.

मेदाचा अभाव

काही दुर्मीळ विकारांत मेद ऊती जवळजवळ तयारच होत नाही. अशा रुग्णांत साठवणीस योग्य जागा नसल्यामुळे मेद यकृतात जमतो आणि तीव्र स्वरूपाचा मधुमेह होतो. मर्यादित व योग्य जागी असलेली मेद ऊती ही आरोग्याची गरज आहे, हे यावरून दिसते.

गैरसमज

उंटाच्या मदारीत पाणी साठते असा समज आहे. प्रत्यक्षात तिच्यात मेद असतो. व्यायाम सोडल्यास स्नायूंचे चरबीत रूपांतर होते, हेही खरे नाही. या दोन भिन्न ऊती असून स्नायू घटतात व मेद स्वतंत्रपणे वाढतो. पोटाला पट्टा बांधून घाम गाळल्यास पाणी कमी होते, मेद नव्हे. पोटाचा मेद घटवण्यासाठी एकूण आहार व शारीरिक श्रम यांचाच मेळ घालावा लागतो.