लासलगावचा कांदा, लंडनचे दहा

लंडनमध्ये रात्री दहाचं बातमीपत्र सुरू होतं, तेव्हा नाशिकमध्ये हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, उन्हाळ्यात अडीच. तिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात, आपली नाहीत. म्हणजे दिवसभर लासलगावात फिरलेल्या विदेशी वाहिनीच्या बातमीदाराला ऐन झोपेच्या वेळी कॅमेऱ्यासमोर ताजंतवानं उभं राहावं लागतं.

तो लासलगावात कशाला? कांद्यासाठी! २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने कांदा निर्यात बंद केली आणि थोड्याच दिवसांत दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी जाहीर भाषणात सांगितलं, आचाऱ्याला कांदा वापरू नको म्हणून बजावलंय. निफाड तालुक्यातल्या लासलगावची बातमी ढाक्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचते ती अशी.

आता बाजार समितीच्या आवारात या. ट्रॉल्यांच्या रांगा, ट्रॉलीला गराडा घालून व्यापारी, चढत जाणारी बोली, शेजारी भाव ऐकणारा शेतकरी. मुलाखत झाली तरी माइक लगेच आवरत नाहीत. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. आवाराचा नुसता आवाज टिपायचा. पुढे कापाकापी करताना दोन वाक्यांमधले सांधे या आवाजाने बुजवतात. मला तर अख्ख्या वृत्तांतात हेच मिनिट सर्वांत मोलाचं वाटतं. निफाड नकाशावरही न पाहिलेला माणूस त्या आवाजाने थेट ट्रॉलीपाशी येऊन उभा राहतो.

रेडिओचा बातमीदार मग हॉटेलवर जाऊन चक्क डोक्यावरून पांघरूण घेतो आणि आत बसून निवेदन वाचतो. उघड्या भिंतींवरून आवाज घुमतो, रजई तो गिळते. जगभरातल्या लढायांच्या बातम्या अशा पांघरुणाखालून वाचल्या गेल्या आहेत.

स्टुडिओतून उपग्रहामार्गे प्रश्न विचारल्यावर बातमीदार क्षणभर गप्प का दिसतो? उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला तेवढाच. याच उशिरामुळे त्याच्या कानातल्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज मुद्दाम वगळलेला असतो. तो उशिरा परत ऐकू आला, तर भल्याभल्यांची जीभ अडखळते.

कांद्याशिवायही इथली बातमी जगभर गेली आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मोर्चाने निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला पोचले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. सोललेल्या तळपायांची ती दृश्यं देशोदेशी गेली. कितीही चांगलं निवेदन लिहा, त्या तळपायांपुढे ते कमीच पडतं.

उलट्या दिशेनेही बातमी यायची, आणि ती कथा मला फार प्रिय आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे दुसऱ्या महायुद्धात लंडनला बीबीसीत होत्या. इंग्रजीतून बोलत, मराठीतूनही. सोबत काम करणारे सहकारी होते इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल. १९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल भारतासाठी युद्धवार्ता इंग्रजीत लिहीत आणि त्यांतल्या काही मराठीत भाषांतर होऊन प्रसारित होत. ‘ॲनिमल फार्म’ ही त्यांची कादंबरी छापून यायच्या आधीच ऑर्वेलची वाक्यं मराठी घरांत ऐकू येत होती, रेडिओच्या खरखरीतून.