दोन चटयांएवढी बाग

बाग म्हटली कीं आपणां शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढें एकर व गुंठे उभे राहतात. परंतु जेथें जमीन हातांनीं मोजावी लागते, तेथेंही बाग होऊं शकते, हें जपानी लोकांनीं दाखविलें आहे. त्यांची रीत वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

क्योतो शहरांतील व्यापाऱ्यांचीं जुनीं घरें रस्त्याकडे अरुंद व आंत लांबवर गेलेलीं असतात. तेथील लोक त्यांस थट्टेनें ‘वाम माशाचा बिछाना’ म्हणतात. दोहों बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती. मग मधल्या खोल्यांस उजेड मिळावा कसा? याकरितां घराच्या पोटांत एक चौकोन उघडा सोडतात. त्यास ‘त्सुबोनिवा’ म्हणतात. ‘त्सुबो’ हें जमिनीचें माप दोन चटयांएवढें, म्हणजे सुमारें ३६ चौरस फूट भरतें. प्रत्यक्ष बाग याहून लहानमोठी असते. उन्हाळ्यांत तेथें पाणी शिंपडलें म्हणजे हवा गार होते व घरांतून वारा खेळूं लागतो.

अशा जागेंत ऊन थोडें, म्हणून फुलझाडांचा हव्यास धरीत नाहींत. शेवाळ, नेचे, बांबू अशा सावलींत टिकणाऱ्या वनस्पति लावतात. एक दगडी दिवा, एक पाण्याचें कुंड व दोनतीन दगड एवढाच सरंजाम. दगड खोल पुरतात, त्यामुळें ते आणून ठेवलेले न वाटतां भुईंतूनच वर आलेले दिसतात. उरलेली जागा खडी पसरून मोकळी ठेवितात. खोलींत बसलेल्या माणसास काय दिसेल, हें पाहूनच सर्व मांडणी होते.

काटकसर हाही या कलेचा गुण आहे. उद्यानकार शिगेमोरी मिरेई (१८९६–१९७५) यांनीं १९३९ सालीं क्योतोच्या तोफुकुजी मठांत बागा केल्या. त्यांनीं मठांतीलच जुन्या फरश्या शेवाळांत सोंगट्यांच्या पटाप्रमाणें बसविल्या, आणि जुन्या खांबांखालील ७ दगडांचे सप्तर्षि मांडले.

परंतु जमिनीचा भाव चढला कीं उघडी जागा डोळ्यांत खुपते. २०१६ सालच्या पाहणींत क्योतोंत अशीं सुमारें ४०,००० घरें उरलेलीं आढळलीं. मागील सात वर्षांत ५,००० हून अधिक नाहींशीं झालीं होतीं. घरासवें बागही जाते. म्हणून २०१७ सालीं नगरपालिकेनें त्यांच्या रक्षणार्थ नियम केला.

ज्या वाचकांस शहरांत घर बांधावयाचें असेल, त्यांनीं इंचन् इंच छपराखाली घालण्यापूर्वीं याचा विचार करावा. उघडी सोडलेली दोन चटयांची जागा वायां जात नाहीं. तीच उरलेल्या घरास उजेड व वारा देते.