जुनी रॅम, नवा मदरबोर्ड
निपाणी-चिकोडीहून बेळगावला मदरबोर्ड घ्यायला जाताना जुनी रॅम सोबत न्या आणि आधी तिच्यावरचं स्टिकर वाचा. पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४. डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ला २८८. पण खाच प्रत्येकीची वेगळ्या जागी, व्होल्टेजही निराळं. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटेल. एएमडीच्या एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी मात्र डीडीआर४चेही बोर्ड निघाले; जुनी पट्टी धडधाकट असेल तर तोच घ्यावा, विनाकारण खर्च कशाला? बसवल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्रोग्राम रात्रभर चालवा. एकही एरर दिसली, तर ती पट्टी वापरू नका.