स्लिपर ऑर्किड : संचयाचा अभाव आणि संवर्धन

ऑर्किड कुलातील पॅफिओपेडिलम या प्रजातीला स्लिपर ऑर्किड हे नाव फुलाच्या आकारावरून मिळाले. फुलाची एक पाकळी सपातेच्या पुढील भागासारखी पोकळ असते. तीत घसरलेल्या कीटकाला आल्या वाटेने परतता येत नाही. मागील अरुंद वाटेने निसटताना तो प्रथम कुक्षीला व नंतर परागांना घासून जातो आणि ते पराग पुढील फुलात पोहोचवितो.

दक्षिण भारतात या प्रजातीची पॅफिओपेडिलम ड्रुरी ही एकच जाती आढळते. कर्नल ड्रुरी यांना ती १८६५ मध्ये त्रावणकोरच्या डोंगरांत सापडली. अगस्त्यमलै रांगेतील सुमारे १,५०० मीटर उंचीचे गवताळ, खडकाळ उतार हे तिचे वसतिस्थान. मधोमध तपकिरी पट्टा असलेले पिवळे फूल संग्राहकांच्या डोळ्यांत भरले आणि विक्रीसाठी झाडे मुळासकट उपटली गेली. आज ती अतिसंकटग्रस्त आहे.

ही हानी सहजी भरून येत नाही. धुळीसारख्या बारीक बियांत भ्रूणपोष नसतो. योग्य कवकाचे साहाय्य लाभले तरच त्या रुजतात. लुईस नड्सन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त माध्यमावर ऑर्किडच्या बिया कवकाविना रुजवून दाखविल्या. काचपात्रातील आजची रोपनिर्मिती त्याच मार्गाने चालते. मात्र रोप फुलावर येण्यास कित्येक वर्षे लागतात.

बियांत अन्नसाठा नाही, तसा खोडात जलसाठाही नाही. त्यामुळे डेंड्रोबियमला मानवणारी कोरड इथे घातक ठरते. झाडाची साल, लोणारी कोळसा व थोडे शेवाळ यांचे माध्यम सतत ओलसर असावे, पण त्यात पाणी साचू नये. पानांच्या बेचक्यात पाणी राहिल्यास शेंडा कुजतो. म्हणून पाणी सकाळीच द्यावे. क्षारयुक्त पाण्याने पानांची टोके करपतात. विंधन विहिरीच्या पाण्यापेक्षा साठविलेले पावसाचे पाणी केव्हाही बरे. साल कुजून घट्ट झाली की मुळे गुदमरतात, तेव्हा एक-दोन वर्षांनी माध्यम बदलावे. थेट ऊन टाळावे. ड्रुरीसारख्या हिरव्या पानांच्या जातींना रात्रीचा गारवा लागतो. मुंबईसारख्या उष्ण हवेत ठिपकेदार पानांच्या जाती त्या मानाने तग धरतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने ही प्रजाती विनिर्दिष्ट वनस्पतींत आली. तिच्या लागवडीसही परवाना लागतो. एवढ्या सावकाश वाढणारे जून, फुलावर आलेले झाड कोणी स्वस्तात देऊ केले, तर ते काचपात्रातून नव्हे, डोंगरावरूनच आले असण्याचा संभव अधिक.