आधी चष्मा, मग मशीन

चवथीला महिना-दीड महिना उरला की पेडणे-डिचोलीकडच्या वाड्यांवर संध्याकाळी एक ठरावीक आवाज सुरू होतो. कुणी माखराची प्लायवूडची कमान कापत असतो, कुणी माटोळीची जुनी लाकडी चौकट घासून पुसून पुन्हा उभी करत असतो, तर कुणाचा हलता देखावा असल्यामुळे त्याच्या मोटारीसाठी लोखंडी पट्ट्या कापणे चालू असते. चवथ झाली की दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुराचा सांगाडा आणि फाल्गुनात शिगम्याचे चित्ररथ. पूर्वी या सगळ्याला करवत, रंधा आणि हातोडा पुरत असे. आता प्रत्येक वाड्यावर निदान एक ग्राइंडर, एक ड्रिल मशीन आणि एक कटर असतोच. नसला तर शेजाऱ्याकडून मागून आणतात.

मशीन मागून आणताना त्याच्याबरोबर चष्मा मात्र कुणी मागत नाही. त्या न मागितलेल्या चष्म्याबद्दल हा लेख आहे.

मी डिचोलीचा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षे फिटर होतो. आता घरामागच्या मांगरात माझे छोटे वर्कशॉप आहे आणि सणासुदीला वाड्यावरची मुले तिथे कामाला जमतात. त्यांच्याकडे कल्पना भरपूर, हात चलाख आणि फोनवर हवे ते पाहून शिकण्याची तयारीही असते. पण चष्मा घाल म्हटले की उत्तर ठरलेले, "कांय जायना रे, दोन मिनिटांचे काम!"

खाणीवरचे हेल्मेट घरी कुठे जाते?

आपल्या डिचोली तालुक्याला सुरक्षेची साधने नवीन नाहीत. शिरगाव, मये, पिळगाव या पट्ट्यात कितीतरी घरांतला एकतरी माणूस खनिजाच्या कामावर होता. खाणीच्या फाटकातून हेल्मेट आणि बूट असल्याशिवाय आत सोडत नसत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. तेव्हा ती हेल्मेटे घरी आली. आमच्या शेजारच्या घरात एका हेल्मेटात आजही कोंबडीची अंडी ठेवतात.

यात हसण्यासारखे आहे तसे विचार करण्यासारखेही आहे. कामावर जो माणूस शिस्तीने बूट घालत होता, तोच घरी अनवाणी पायाने लोखंड कापतो. कामावर विचारणारा कुणी होता, घरी कुणी नाही, एवढाच फरक. १९४८ च्या कारखाना कायद्यात केवळ डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वे कलम घातलेले होते. पण असा कोणताही कायदा आपल्या पडवीत येत नाही. घरच्या वर्कशॉपमध्ये निरीक्षकही आपण आणि कामगारही आपणच.

चार इंची चाकाचा वेग

छोटा ग्राइंडर हातात हलका वाटतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. एक साधे गणित करून पाहा. चाकाचा व्यास १०० मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण ३१४ मिलिमीटर. मशीन मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. गुणाकार केला की चाकाच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुणी या वेगाने गाडी चालवली तर आपण त्याला वेडा म्हणू. त्याच वेगाने सुटणारा लोखंडाचा कण आपण उघड्या डोळ्यांसमोर दीड फुटावर सोडत असतो.

आमच्या वाड्यावरच्या एका मुलाच्या बाबतीत असेच झाले. नरकासुराच्या हाताचा पाइप कापायचा होता. ग्राइंडर मागून आणलेला आणि त्याचे गार्ड आधीच कुणीतरी काढून ठेवलेले. चार इंची मशीनवर पाच इंची चाक बसवायचे असले की आपल्याकडे पहिल्यांदा गार्ड काढतात. काम खरोखरच दोन मिनिटांचे होते. डोळ्यात काहीतरी गेल्यासारखे वाटले म्हणून त्याने डोळा चोळला, पाणी मारले आणि पुन्हा कामाला लागला. रात्री दोनच्या सुमारास दुखणे असह्य झाले. सकाळी डॉक्टरांनी बुबुळावर रुतलेला लोखंडाचा कण सुईच्या टोकाने काढला. कणाभोवती गंज चढला होता, तो काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले.

डोळा वाचला. पण बाहुलीच्या अगदी समोर बारीकसा डाग राहिला. हा मुलगा टॅक्सी चालवतो आणि त्याची बरीचशी भाडी रात्रीच्या विमानांची असतात. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा आता त्याला फुटल्यासारखा, पसरलेला दिसतो. पावसाळ्यात तर तो रात्रीची भाडी घेतच नाही. घरात त्याच्या एकट्याची कमाई आहे. शे-दोनशे रुपयांच्या चष्म्याचा आणि या गोष्टीचा हिशेब मांडून दाखवायची गरज नाही.

कशासाठी काय घालायचे

*डोळे.* नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. तो बाजूंनी उघडा असतो आणि त्याची काच अशा माऱ्यासाठी केलेली नसते. बाजू झाकणारा, पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा घ्यावा. नंबर असेल त्यांनी त्यावरून बसणारा गॉगल घ्यावा. खरेदी करताना आयएस ५९८३ हे मानक पाहावे. ग्राइंडरवर काम करताना चेहऱ्यासमोर पारदर्शक ढालही हवी, आणि ढालीच्या आत चष्माही हवाच, कारण खालून उडणारा कण ढालीला चुकवून वर येतो.

वेल्डिंगची गोष्ट वेगळी. तिथे ठिणगीइतकाच प्रकाश घातक असतो. चित्ररथाचा सांगाडा जोडताना वेल्डर काच धरतो, पण पाइप धरून उभा राहिलेला मदतनीस नुसता मान फिरवतो. अतिनील किरणांनी बुबुळ भाजते आणि त्याचा त्रास काही तासांनी, बहुतेक मध्यरात्री सुरू होतो. डोळ्यांत वाळू भरल्यासारखे वाटते. साधा काळा गॉगल इथे उपयोगाचा नाही. मदतनिसालाही वेल्डिंगची काच हवी.

*कान.* माझे मामा पेडण्याचे सुतार. आयुष्यभर रंधा मशीन आणि गोल करवत. कानात कधी साधा बोळाही घातला नाही. आता त्यांच्याशी बोलले तर माणसाचा आवाज ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' ही अक्षरे हरवतात, त्यामुळे शब्द जुळत नाहीत. ते जुने भजनी आहेत. भजनाला बसले की पखवाज ऐकू येतो आणि टाळ ऐकू येत नाही. टाळकऱ्यांच्या हातांकडे बघून ते ताल धरतात.

मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि पहिल्यांदा जातात त्या उंच पट्टीच्या. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने ठरवलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, असे करत १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. गोल करवतीचा आवाज १०० च्या आसपास असतो. म्हणजे माखराची एक बाजू कापून होईपर्यंत दिवसाचा वाटा संपला! फोमचे इअरप्लग काही रुपयांना मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, मग आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर घातल्यासारखे दिसते, इतकेच.

*श्वास.* लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. आपल्या दृष्टीला दिसणारा भुसा जमिनीवर पडतो. फुप्फुसात जाते ती सँडरने उडालेली, न दिसणारी बारीक धूळ. फरशी, ग्रॅनाइट, काँक्रीट कापताना तर सिलिकाची धूळ उडते, जिच्यामुळे सिलिकोसिस होतो. हे कापणे शक्यतो पाणी घालूनच करावे, मात्र त्यासाठी पाण्याबरोबर चालणारे मशीन हवे.

कोविडच्या काळातला निळा सर्जिकल मास्क इथे चालत नाही, कारण त्याच्या बाजूंनी हवा आत शिरते. एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्यावा, आयएस ९४७३ पाहावे, आणि नाकावरची पट्टी दाबून बसवावी. दाट दाढीवर हा मास्क नीट बसत नाही. आणखी एक लक्षात ठेवा: हा मास्क धुळीसाठी आहे, वासासाठी नाही. मूर्तीला किंवा माखराला कॉम्प्रेसरने रंग मारताना थिनरची वाफ त्यातून आरपार जाते. त्यासाठी कोळशाचे काडतूस असलेला वेगळा मास्क मिळतो.

*हात.* इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. हातमोजे सगळीकडे घालायचे नसतात. ड्रिल, लेथ, टेबलावरची करवत अशा फिरत्या भागाजवळ मोजा अडकला तर तो बोट आत ओढून नेतो. तिथे हात मोकळेच हवेत. पत्रा उचलताना, काच हाताळताना, वेल्डिंग करताना मात्र मोजे हवेत. ग्राइंडरवर काम करताना सैल, सुताचे मोजे टाळावेत. घट्ट बसणारे चामड्याचे घालावेत.

आणि आपल्याकडच्या खास वस्तू विसरू नका. चवथीची तयारी श्रावणात होते. त्या दिवसांत मनगटावर राखी असते, लाल दोरा असतो, कुणाच्या गळ्यात गोफ, कुणाची ओढणी, कुणाचे मोकळे केस. मशीन सुरू करण्यापूर्वी हे सगळे काढा किंवा नीट बांधा. राखी तासभर देवापुढे ठेवली तर बहीण रागावणार नाही.

*पाय आणि कपडे.* रबरी चपला नकोत, बंद बूट हवेत. पॉलिएस्टरची जर्सी ठिणगीने वितळून कातडीला चिकटते, म्हणून जाड सुती कपडे घाला.

आपल्या हवेत विशेष काळजी

ग्राइंडरचे कापायचे चाक राळेने बांधलेले असते आणि ते ओलावा शोषते. आपल्या पावसाळ्यात मांगराच्या कोपऱ्यात पडलेले चाक कमजोर होते आणि फिरताना फुटू शकते. चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख छापलेली असते. मुदत संपलेले, ओले झालेले, टवका उडालेले चाक फेकून द्या. चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असता कामा नये. लाकूड कापायला ग्राइंडरवर दातेरी पाते बसवण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर ताबडतोब बंद करा. पाते लाकडात अडकले की मशीन हातातून उसळते आणि अंगावर येते.

ओल्या जमिनीवर विजेचे मशीन चालवताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात आहे ना, हे आधी पाहा. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि नरकासुर करणाऱ्यांसाठी खास सूचना: सगळे कापणे आणि जोडणे आधी, गवत आणि कागद नंतर. गवत भरलेल्या धडाजवळ ग्राइंडर चालवणे म्हणजे नरकासुर एक दिवस आधीच जाळणे.

तरीही लागलेच तर

डोळ्यात कण गेला तर चोळू नका, रुमालाच्या टोकाने काढायला जाऊ नका. स्वच्छ पाण्याने धुवा. खुपणे थांबले नाही, किंवा कण धातूचा असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. काही आत घुसलेले असेल तर पाणीही मारू नका, दाबू नका. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा आणि १०८ ला फोन करा.

एक पेटी

आमच्या वाड्यावर मुलांनी गेल्या वर्षीपासून एक सोय केली आहे. वर्गणीतून एक प्लास्टिकची पेटी घेतली. तिच्यात चार चष्मे, एक ढाल, इअरप्लग आणि मास्क ठेवले. ग्राइंडर ज्याच्या घरून नेतात तिथेच पेटी असते, आणि मशीन मागायला आलेल्याच्या हातात आधी पेटी मिळते. पहिले काही दिवस थोडी थट्टा झाली. मग टॅक्सीवाला मुलगाच पेटी सांभाळायला लागला आणि थट्टा थांबली.

तुम्ही पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात असाल. चवथीला घरी याल तेव्हा माखराच्या कामाला हात लावालच. येताना भावंडांसाठी काय आणू, असा प्रश्न पडला तर एक चांगला सुरक्षा चष्मा आणा. नंबरचा चष्मा लावणारा कुणी असेल तर वरून बसणारा मोठा गॉगल घ्या, आणि जास्तीचा एक मांगरातल्या खिळ्याला, ग्राइंडरच्या शेजारी, अडकवून ठेवा.